शाळा बंद होती तेव्हा शाळा कुठे होती? मीरा-भाईंदर, मार्च २०२० ते जानेवारी २०२२

१)
१६ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील शहरी शाळांचे वर्ग बंद झाले. आदेश ३१ मार्चपर्यंतचा, म्हणजे जेमतेम पंधरवड्याचा होता. पहिली ते चौथीच्या शहरी वर्गांना पुन्हा भरण्याची शासकीय मुभा मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून. मधले अंतर ६२५ दिवसांचे आहे. या धाग्यात त्या दिवसांचा इतिहास मीरा-भाईंदर या एका शहराच्या आधाराने मांडण्याचा प्रयत्न आहे. इतक्या अलीकडच्या गोष्टीला इतिहास का म्हणायचे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर धाग्याच्या अखेरीस येईल.

२)
आधी शहर समजून घेऊ. दहिसर ओलांडले की मुंबई महापालिकेची हद्द संपते आणि ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर सुरू होते. भाईंदर, मीरा, काशी, नवघर, खारी, घोडबंदर, मुर्धा, राई, उत्तन, डोंगरी अशा गावांचा, मिठागरांचा आणि कोळीवाड्यांचा हा प्रदेश. १२ जून १९८५ रोजी येथे नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत सुमारे पावणेदोन लाख असलेली लोकसंख्या २००१ मध्ये सव्वापाच लाखांच्या आसपास गेली आणि २०११ मध्ये आठ लाखांच्या वर. वीस वर्षांत साडेचार पटींहून अधिक वाढ झाली. मुंबईत घर न परवडलेल्या माणसांनी हे शहर वसवले.

३)
या वाढीचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. येथील बहुसंख्य घरे लहान आहेत. मीरा रोडच्या इमारतींतील एक खोली-स्वयंपाकघराची सदनिका, भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांलगतच्या वस्त्या, काशीमिऱ्याकडील डोंगरउतारावरचे पाडे, उत्तन-पाली-चौकची दाटीची कोळी घरे. घरात चार ते सहा माणसे आणि एक किंवा दीड खोली. एरवी दिवसभर निम्मे घर रिकामे असे, कारण मोठी माणसे लोकलने कामावर आणि मुले शाळेत जात. टाळेबंदीत सारे एकाच वेळी घरी आले. शाळा ज्या घरांत पाठवायची होती, ती घरे अशी होती.

४)
आता कायदा. शाळा बंद करण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने मिळाला? १८९७ च्या साथरोग अधिनियमाने. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढील काही महिन्यांत लाखो माणसे मुंबई सोडून गेली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी हा अवघ्या काही कलमांचा कायदा संमत झाला. त्याच वर्षी १० मार्च रोजी, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना, सावित्रीबाई फुले यांचे पुण्यात निधन झाले. स्त्रीशिक्षणाच्या आद्य प्रवर्तिकेचा अंत ज्या साथीत झाला, त्याच साथीतून जन्मलेल्या कायद्याने १२३ वर्षांनी महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या.

५)
या कायद्याची एक मर्यादा लक्षात ठेवण्याजोगी आहे. तो बंद करण्याचे, तपासण्याचे आणि अलग ठेवण्याचे अधिकार देतो. बंद काळात नागरिकांना काय द्यायचे, याविषयी तो काही सांगत नाही. १८९७ मध्ये त्याची कोणी अपेक्षाही केली नव्हती. २०२० मध्ये परिस्थिती निराळी होती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षण देणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले होते. म्हणजे एका हाताने वर्ग बंद करायचे आणि दुसऱ्या हाताने शिक्षण चालू ठेवायचे, अशी दुहेरी जबाबदारी राज्यावर येऊन पडली. पुढे जे काही घडले ते या दोन कायद्यांच्या ओढाताणीत घडले.

६)
घटनाक्रम पाहू. २१ मार्चला दहावीच्या शेवटच्या, भूगोलाच्या पेपरची २३ मार्चची तारीख पुढे ढकलली गेली. २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी आली. १२ एप्रिलला तो पेपर रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीने गुण देण्याचे ठरले. नववी आणि अकरावीच्या वार्षिक परीक्षाही त्याच वेळी रद्द झाल्या. दरम्यान राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला सुरू केली. रोज एक दुवा तयार होई आणि अधिकाऱ्यांकडून मुख्याध्यापकांना, मुख्याध्यापकांकडून शिक्षकांना आणि शिक्षकांकडून पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर पोहोचे.

७)
या साखळीत शेवटचा दुवा पालकांचा फोन होता, आणि ती तिथेच तुटत होती. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील शहरी कुटुंबांपैकी ४२ टक्क्यांकडे इंटरनेटची सोय होती, ग्रामीण कुटुंबांत १५ टक्क्यांकडे. संगणक शहरी कुटुंबांपैकी सुमारे २३ टक्क्यांकडे होता. म्हणजे शहरातही निम्म्याहून अधिक कुटुंबे या सोयीबाहेर होती. आणि ‘कुटुंबाकडे फोन आहे’ याचा अर्थ ‘मुलाकडे फोन आहे’ असा होत नाही. फोन कमावत्या माणसाच्या खिशात असतो. टाळेबंदी शिथिल झाली आणि तो माणूस कामावर गेला की वर्गही त्याच्याबरोबर घराबाहेर जाई. तीन भावंडांच्या घरात सकाळच्या तासाला कोणाचा वर्ग महत्त्वाचा, हे आईला ठरवावे लागे. बहुधा दहावीतले मूल जिंके आणि दुसरीतले हरे.

८)
येथे थोडे थांबून जगाकडे पाहू. शाळा बंद आणि शिक्षण दुरून, हा प्रयोग २०२० मध्ये प्रथमच झाला असे नाही. १९३७ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील शिकागो शहरात पोलिओच्या साथीमुळे शाळा उघडणे लांबले. तेथील अधीक्षक विल्यम जॉन्सन यांच्या यंत्रणेने तिसरी ते आठवीच्या सुमारे ३ लाख १५ हजार मुलांसाठी रेडिओवरून धडे सुरू केले. नभोवाणी केंद्रांनी वेळ दिली, वृत्तपत्रांनी रोजचे वेळापत्रक आणि प्रश्न छापले, पालकांच्या शंकांसाठी दूरध्वनी सेवा उघडली. अडचणीही ओळखीच्या होत्या. काही घरांत रेडिओ नव्हता, काही ठिकाणी आवाज नीट येत नव्हता, आणि धडा फार वेगाने पुढे सरकला तर मुलाला हात वर करून विचारता येत नव्हते. तो प्रयोग काही आठवड्यांत संपला. आपला जवळपास दोन वर्षे चालला.

९)
भारताचा स्वतःचा अनुभवही होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला. उपग्रह अमेरिकेकडून उसना घेतलेला होता. दूरचित्रवाणी संच खेड्यांत सार्वजनिक जागी ठेवले होते. त्या संचांवर शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम येत. ‘सार्वजनिक जागी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. तंत्रज्ञान घराघरांत नव्हते, म्हणून ते सर्वांच्या मालकीच्या जागी नेले गेले. २०२० मध्ये साथीच्या भयाने नेमकी तीच जागा बंद होती. त्यामुळे जे ज्याच्या घरी असेल तेवढेच त्याला मिळाले.

१०)
आणि आता महाराष्ट्राचा स्वतःचा, बराचसा विसरलेला अध्याय. १९८४ मध्ये पुण्यात राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. ती ‘बालचित्रवाणी’ या नावाने घरोघरी ओळखली गेली. आपल्या राज्याच्या पाठ्यपुस्तकांशी जुळणारे, मराठीतले कार्यक्रम बनवायचे आणि दूरदर्शनवरून मुलांपर्यंत पोहोचवायचे, हे तिचे काम. ऐंशी-नव्वदच्या दशकांत वाढलेल्या वाचकांना ते कार्यक्रम आठवत असतील. या संस्थेकडे चित्रीकरणगृह होते, चित्रफितींचा संग्रह होता, आणि सर्वांत मोलाचे म्हणजे मुलांसाठी पडद्यावर कसे शिकवायचे हे जाणणारी माणसे होती.

११)
पुढे निधी आटला. कर्मचाऱ्यांचे वेतन रखडले. २०१७ मध्ये राज्याने ही संस्था बंद केली. कारण त्या काळाला साजेसेच होते: आता प्रत्येकाच्या हातात इंटरनेट आहे, दूरचित्रवाणीवरून शिकवण्याची गरज काय? त्याच वर्षी सप्टेंबरात ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय डिजिटल व्यासपीठ सुरू झाले, हा योगायोग लक्षणीय आहे. तीनच वर्षांनी, राज्यातील असंख्य मुलांच्या हाती इंटरनेट नाही आणि घरात दूरचित्रवाणी संच मात्र आहे, हे स्पष्ट झाले. तेव्हा ज्या संस्थेचे हेच काम होते, ती अस्तित्वात नव्हती.

१२)
ही पोकळी कोणी भरली? २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली ही मालिका एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने तयार केली होती. फळ्यासमोरचे व्याख्यान टाळून घरात सापडणाऱ्या वस्तूंनी करता येतील अशा कृती तिच्यात दाखवल्या जात. इंटरनेट लागत नसे, डेटा पॅक लागत नसे. विदर्भात आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा उपक्रम चालला. शेजारच्या पालघर जिल्ह्यातील आदिवासी गावांत एका संस्थेने ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवणारी ‘बोलकी शाळा’ चालवली. जुनी, साधी माध्यमे पुन्हा उपयोगी पडली.

१३)
मीरा-भाईंदरच्या दृष्टीने यात एक गुंता होता. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दू अशा चार माध्यमांच्या आहेत. बालभारती आठ भाषांत पाठ्यपुस्तके छापते. ही महाराष्ट्राची मोठी आणि दुर्लक्षित परंपरा आहे. पण ‘टिलीमिली’ मराठीत होती. नया नगरच्या उर्दू माध्यमातील किंवा भाईंदरच्या गुजराती माध्यमातील मुलाला मराठी समजत असले, तरी ते त्याच्या पुस्तकाच्या भाषेत शिकत नव्हते. छापील पुस्तकाने भाषांची जी समानता पाळली होती, ती पडद्यावर येताना टिकली नाही. अशा मुलांसाठी शिक्षकाने स्वतःच्या फोनवर ध्वनिमुद्रित केलेला धडा हाच मुख्य आधार राहिला.

१४)
शिक्षकांविषयी बोलल्याशिवाय हा इतिहास अपुरा राहील. त्या काळात शिक्षक केवळ शिकवत नव्हते. राज्यभर त्यांना साथीच्या सर्वेक्षणांवर, तपासणी नाक्यांवर, शिधावाटपाच्या देखरेखीवर नेमले गेले. १५ सप्टेंबर २०२० पासूनच्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेतही ते घरोघरी फिरले. पोषण आहाराची खिचडी शिजणे बंद झाल्याने तांदूळ आणि कडधान्य कोरड्या स्वरूपात पालकांना वाटायचे कामही शाळांकडे आले. मीरा-भाईंदरच्या शाळांत शिकवणाऱ्यांपैकी अनेकांची घरे नालासोपारा-विरारकडे किंवा मुंबईत. लोकल मात्र २३ मार्चपासून सर्वसामान्यांसाठी बंद. शिक्षकांना लोकलप्रवासाची परवानगी मिळायला नोव्हेंबर उजाडला. तोवर शाळेपर्यंत पोहोचणे हाच अर्ध्या दिवसाचा उद्योग होता.

१५)
वर्ग किती वेळ घ्यायचा, यावरही शासनाचा विचार बदलत गेला. १५ जून २०२० च्या निर्णयात पूर्वप्राथमिक ते दुसरीच्या मुलांना ऑनलाइन वर्गांतून वगळले होते. १४ जुलैला केंद्राची ‘प्रज्ञाता’ ही मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यानंतर २२ जुलैला राज्याने लहान मुलांसाठीही रोज अर्ध्या तासाची मुभा दिली. नववी ते बारावीसाठी ४५ मिनिटांची चार सत्रे ठरली. २५ जुलैला पहिली ते बारावीचा अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी करण्याचे जाहीर झाले. कागदावर हे सारे सुसंगत दिसते. प्रत्यक्षात मीरा रोडच्या एकाच इमारतीत दोन वेगळ्या शाळा चालत होत्या: एका घरात पूर्ण वेळापत्रकाचा, गणवेश घालून संगणकासमोर बसण्याचा खासगी शाळेचा वर्ग, आणि शेजारच्या घरात संध्याकाळी वडील परतल्यावर उघडला जाणारा व्हॉट्सॲप गट.

१६)
खासगी शाळांचा प्रश्न म्हणजे शुल्काचा प्रश्न. या शहरात मध्यमवर्गीय आणि निम्न-मध्यमवर्गीय कुटुंबांची मुले मोठ्या संख्येने खासगी इंग्रजी शाळांत जातात. नोकरी गेलेली किंवा पगार निम्म्यावर आलेला. शुल्क मात्र पूर्ण. ८ मे २०२० च्या शासन निर्णयाने शुल्कवाढीला मनाई केली, पण २६ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. १२ ऑगस्ट २०२१ रोजी राज्याने २०२१-२२ च्या शुल्कात १५ टक्के सवलतीचा आदेश काढला. दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे: छोट्या, कमी शुल्काच्या शाळांचा सारा खर्च त्या शुल्कातूनच भागत असे, आणि तेथील शिक्षकांचे वेतनही त्यावरच अवलंबून होते. पालक आणि शिक्षक, दोघेही एकाच संकटात सापडलेले असताना एकमेकांसमोर उभे राहिले.

१७)
शाळा कोण उघडणार? येथे आणखी एक प्रशासकीय बारकावा आहे. राज्याने २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग भरवण्यास परवानगी दिली, पण अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपवला. मुंबई आणि ठाण्यासारख्या महापालिकांनी शाळा ३१ डिसेंबरपर्यंत बंदच ठेवल्या. २७ जानेवारी २०२१ पासून राज्यात पाचवी ते आठवीला मुभा मिळाली. आणि मग दुसरी लाट आली. ३ एप्रिलला पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेविना वरच्या वर्गात घालण्याचे जाहीर झाले. मीरा-भाईंदरसारख्या महानगरालगतच्या शहरांत गर्दी आणि घरांची दाटी अधिक, त्यामुळे निर्णय अधिक सावध. ज्या दाटीमुळे घरी शिकणे अवघड होते, त्याच दाटीमुळे शाळा उघडणेही अवघड ठरले.

१८)
परीक्षांचे निकाल हा या काळाचा सर्वांत विलक्षण दस्तऐवज आहे. २०२० चा दहावीचा निकाल ९५.३० टक्के. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही. निकाल १६ जुलैला लागला, ९९.९५ टक्के. बारावीचा ३ ऑगस्टला, ९९.६३ टक्के. २०२१ च्या दहावीच्या गुणांपैकी निम्मे नववीच्या निकालावरून धरले होते, आणि त्या नववीची वार्षिक परीक्षा २०२० मध्येच रद्द झालेली होती. हे त्या मुलांचे अपयश म्हणून सांगत नाही. त्यांच्या हाती काहीच नव्हते. मात्र उद्या कोणी केवळ निकालांच्या तक्त्यावरून इतिहास लिहू लागला, तर त्याला २०२१ हे महाराष्ट्राच्या शिक्षणाचे सुवर्णवर्ष वाटेल. आकडा खरा आहे; पण तो काय मोजतो हे ठाऊक नसेल तर तो वाचकाला चकवतो.

१९)
मग खरे मोजमाप कुठे आहे? ‘असर’ या पाहणीने बरेच सांगितले. २०१८ मध्ये शाळकरी मुलांच्या ३६.५ टक्के घरांत स्मार्टफोन होता. २०२० च्या सप्टेंबरात तो ६१.८ टक्के घरांत पोहोचला. म्हणजे पोटाला चिमटा घेऊन लोकांनी मुलांसाठी फोन घेतले. तरीही पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले साधारण तिसरा हिस्सा होती. २०२२ च्या पाहणीत, दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे देशातील प्रमाण २०१८ च्या २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर उतरलेले दिसले. फोन वाढले, वाचन घटले.

२०)
पण ‘असर’ ही ग्रामीण भारताची पाहणी आहे. मीरा-भाईंदर तिच्या कक्षेत येत नाही. वृत्तपत्रांत मुंबई महापालिकेच्या शाळांविषयी भरपूर मजकूर आढळतो. खेड्यांतल्या कहाण्याही गाजल्या. सिंधुदुर्गात नेटवर्कसाठी डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास करणारी विद्यार्थिनी सर्वांना माहीत झाली. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडची गोष्ट जगभर गेली. महानगराच्या काठावरची आठ लाखांची शहरे मात्र मधल्या मध्ये राहिली. त्यात भर म्हणजे २०२१ ची जनगणनाही झाली नाही. शहरात त्या वेळी मुले किती होती, याचा नेमका आकडाच नाही. मग किती सुटली हे कसे कळणार?

२१)
कारण काही मुले निश्चितच सुटली. १ मे २०२० पासून श्रमिक गाड्या सुटू लागल्या आणि कारखान्यांत, बांधकामांवर राबणारी कुटुंबे उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानकडे गेली. अशा कुटुंबातील मुलाचे नाव हजेरीपटावर राहिले, मूल राहिले नाही. काही परतली, काही नाही. मुलींच्या बाबतीत तर घरकाम, धाकट्या भावंडांची देखभाल आणि लवकर लग्न यांचे ओझे वाढले. १ जुलै २०२१ पासून मागच्या इयत्तेची उजळणी करणारा ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला. जुलै २०२२ मध्ये राज्याला शाळाबाह्य मुलांच्या शोधासाठी ‘मिशन झिरो ड्रॉपआउट’ ही मोहीम काढावी लागली, यातच बरेच काही आले.

२२)
एका मुलाचा हिशेब मांडून पाहा. जून २०२० मध्ये पहिलीत नाव दाखल. पहिलीचे संपूर्ण वर्ष वर्ग पाहिला नाही. परीक्षेविना दुसरीत. १ डिसेंबर २०२१ पासून शहरी पहिली ते सातवीचे वर्ग उघडण्यास मुभा. अनेक शहरांत प्रत्यक्ष दारे उघडायला डिसेंबरचा मध्य आला. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे पुन्हा बंद. २४ जानेवारीपासून पुन्हा सुरू करण्यास परवानगी. म्हणजे या मुलाने ‘वर्ग’ नावाची गोष्ट नीट अनुभवली ती दुसरीच्या अखेरच्या दोन-तीन महिन्यांत. रांगेत उभे राहणे, डबा वाटून खाणे, बाकावरून भांडणे आणि मिटवणे, पाटीवर बोट धरून कोणीतरी अक्षर गिरवून घेणे, हे सारे त्याला उशिरा मिळाले किंवा मिळालेच नाही.

२३)
यातून एक निष्कर्ष पुढे येतो. आपण शाळेला अभ्यासक्रम पोहोचवणारी यंत्रणा समजत होतो. प्रत्यक्षात मीरा-भाईंदरसारख्या शहरात शाळा ही मुलाला मिळणारी एकमेव मोकळी जागा होती. महापालिकेची जुनी इमारत कशीही असो, तेथे त्याला स्वतःची बसायची जागा होती, दुपारचे जेवण होते, पाच तास त्याच्याकडेच लक्ष देणारे मोठे माणूस होते. दुवा पाठवून धडा पाठवता आला. जागा, जेवण आणि लक्ष पाठवता आले नाही. शिधा पोहोचला, पण पंगत नाही. दूरस्थ शिक्षणाच्या यशापयशाची चर्चा तंत्रज्ञानाभोवती फिरत राहिली. निर्णायक ठरले ते घराचे क्षेत्रफळ.

२४)
शाळा बंद ठेवणे चूक होते का? त्या काळात भाईंदरचे पंडित भीमसेन जोशी रुग्णालय कोविड रुग्णांनी भरलेले होते. एकाच खोलीत आजी-आजोबांसह राहणाऱ्या मुलाने संसर्ग घरी आणला तर काय, ही भीती खोटी नव्हती. प्रारंभीच्या निर्णयाला दोष देणे आज सोपे आहे. प्रश्न दुसऱ्या टप्प्याचा आहे. बाजार, कार्यालये, उपाहारगृहे क्रमाक्रमाने उघडत गेली आणि प्राथमिक वर्ग सर्वांत शेवटी उघडले. समाज कशाला आवश्यक मानतो आणि कशाला थांबू शकणारे, हे या क्रमावरून कळते. हा क्रम इतिहासाने नोंदवलाच पाहिजे.

२५)
आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. प्लेगचा इतिहास आपण लिहू शकतो, कारण कागद शिल्लक राहिले: समित्यांचे अहवाल, वृत्तपत्रे, पत्रे. २०२० ची शाळा कागदावर नव्हती. ती पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत, शिक्षकांच्या ध्वनिमुद्रित धड्यांत, वहीच्या पानाचे फोटो काढून पाठवलेल्या गृहपाठांत होती. फोन बदलले, साठवण भरली म्हणून संदेश पुसले, गट बंद झाले. शासन निर्णय टिकतील, निकालांचे तक्ते टिकतील. पण आदेशाखाली माणसांनी प्रत्यक्षात काय केले, त्याचा पुरावा आपल्या डोळ्यांदेखत नाहीसा होत आहे. म्हणून हा इतिहास आत्ताच लिहायला हवा.

२६)
वाचकांना एक विनंती. आपण त्या काळात मीरा-भाईंदरमध्ये किंवा अन्यत्र शिक्षक, पालक वा विद्यार्थी असाल, तर जुन्या फोनमधील धडे, वेळापत्रके, सूचना, गृहपाठाची छायाचित्रे पुसण्याआधी एकदा जतन करून ठेवा. मुलांची नावे आणि चेहरे झाकून, तारीख आणि ठिकाण लिहून आपल्या शाळेच्या किंवा जवळच्या ग्रंथालयाच्या हवाली करा. पहिलीचे वर्ष वर्गाविना गेलेली ती मुले आज माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर आहेत. उद्या त्यांनी विचारले की आमची पहिली कुठे गेली, तर निदान दाखवायला काही असावे.

धागा समाप्त. आपल्या आठवणी, दुरुस्त्या आणि पूरक माहिती खाली अवश्य लिहा.